पान तीनवरची काळी चौकट

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
गुरुवार

तीर्थरूप मनीषाताईला धाकट्या वैजूचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली. तू लेस्टरला आहेस, दिसणार नाही, म्हणून अर्ध्यातच सरळ झाले. पण नमस्कार पूर्ण धर.) इकडे सगळं बरं आहे. तिकडचं विचारायला हात धजत नाही, तरी विचारते : गाठीचा रिपोर्ट आला का? रविवारी फोनवर तू वीस मिनिटं थंडीबद्दल बोललीस. ताई, आख्ख्या जन्मात तू थंडीबद्दल इतकी बोलली नव्हतीस. तुझ्या लेकीला, तेजूला, अजून काही सांगितलेलं नाही, हेही मला त्या थंडीवरूनच कळलं.

सोबत तेजूचं पुस्तक पाठवते आहे. ते तिच्या हातात द्यायच्या आधी हे पत्र पुरतं वाच. पान तीनवर मी तुला मारलं होतं. आता जिवंत केलं आहे. पण मधल्या आठ दिवसांत जे झालं ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

तेजू दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आली होती तेव्हा काय म्हणाली ते आठवतं? तिच्या शाळेतल्या साहसाच्या पुस्तकांत तिच्यासारखी दिसणारी मुलगी असली तर ती नायकाची मैत्रीण असते, डब्यात समोसे आणते आणि गुहेच्या बाहेर उभी राहते. आत कधी जात नाही. तिच्या बाईंच्या भाषेत अशा मुलांना साउथ एशियन म्हणतात. (मी साउथ एशियन आहे हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी सिंधीपुऱ्याची होते.) मी तिला शब्द दिला की तू आत जाशील, आणि सगळ्यांच्या पुढे जाशील. म्हणून आपल्या कुंडी भंडाऱ्याच्या, मोगलांनी पाण्यासाठी खणलेल्या भुयारात उतरणारी चार मुलं लिहिली : तेजू, आपल्या शेजारच्या बोहऱ्यांसारखी एक सकीना, जाफन्याची एक मुलगी आणि ढाक्याचा एक मुलगा. (ढाक्याच्या मुलाला सबंध पुस्तकभर भूक लागलेली आहे, कारण तो काय खातो एवढीच माहिती मला खात्रीशीर मिळाली.) पुण्याच्या एका प्रकाशकांनी कळवलं की मराठी मुलांना लेस्टरची मुलगी आपली वाटणार नाही. दुसऱ्यांनी कळवलं की लेस्टर ठीक आहे, पण बुऱ्हाणपूर कशाला? तेव्हा ठरवलं, आपणच छापू.

पण त्याआधी आईची अडचण होती. साहसकथेत आई फार आड येते गं. तीन मसुद्यांत मी तिला घरी ठेवली, आणि तिन्ही वेळा पोरं भुयाराच्या तोंडाशी पोचली की ती मागून येऊन म्हणायची, आधी दोन घास खाऊन घ्या. मग पोरं जेवायची आणि त्यांना झोप यायची. चौथ्या मसुद्यात मी पहिलंच वाक्य लिहिलं : ‘तेजूची आई गेली तेव्हा तेजू सात वर्षांची होती.’ आणि पोरं धडाधड भुयारात उतरली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता, ताई. हे तुझी गाठ सापडायच्या सहा महिने आधीचं आहे, देवाशपथ.

छपाईचं काम सुधाकर कडूंना दिलं. गावातली निम्मी लग्नं त्यांच्या पत्रिकांवर लागली आहेत आणि निम्मी मंडळी त्यांच्याच शोकपत्रिकांवर गेली आहेत. अर्पणपत्रिकेसाठी मी तुझा तो हसरा फोटो दिला, खाली ‘मनीषाताईस’ आणि त्याच पानावर गोष्टीचं पहिलं वाक्य. गाठीबद्दल तुझा फोन आला तशी चपलाही धड न घालता प्रेसमध्ये धावले, ते वाक्य काढा म्हणायला. दोनशे प्रती बांधून तयार होत्या. पान तीन उघडलं. तुझ्या फोटोला हार, बाजूला समई, भोवती बोटभर जाड काळी चौकट आणि तळाशी ‘शोकाकुल : समस्त परिवार’.

“मॅडम, आई गेली असं तुम्हीच लिहिलं,” कडू म्हणाले. “फोटो दिला, नाव दिलं. मग बॉर्डर तर लागणारच ना?” मी पान डोळ्यांजवळ धरलं, तर त्यांना वाटलं मी भारावले. “और हां, समाज के ग्रुप पे सुबहही डाल दिया. शोकपत्रिकेबरोबर ती आपली सेवा असते.”

घरी येईतो ओट्यावर चपला. शेजारच्या वंदनाकाकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन बसलेल्या. दुखवट्याच्या घरी चहा घेत नाहीत, म्हणून कुणी चहा घेईना. ताई जिवंत आहे म्हटल्यावर सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले. तू मागच्या महिन्यात ग्रुप सोडलास, त्याचाही अर्थ काकूंनी लावून ठेवला होता : “बिचारी आधीच बाहेर पडली होती!”

दापोऱ्याहून आशामावशी आली. बातमी ऐकताच तिने नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून गार पाणी घेतलं होतं आणि पहिली बस धरली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग तिले मारलं कोनं?”

“मी.”

“कशाले?”

“पोरांना भुयारात उतरवायचं होतं, मावशी.”

“मंग बाहेरगावी धाडाची होती! माह्या घरी धाडती! मारासारखं काय केलं होतं तिनं?”

सगळे गेल्यावर तुझ्या मेहुण्याने, ललितने डबा उघडला. परत पाठवायचा तरी काय म्हणून? पिठल्याचा घास तोंडात होता आणि मला रडू फुटलं. गाठीचं कळल्यापासून मी रडले नव्हते. आधी प्रेसकडे धावले, मग लोकांना चहा करत बसले. आणि रडले ती तू जिवंत असताना, तुझ्या सुतकाचं जेवताना.

आता मावशीचं म्हणणं ऐकलं आहे. त्या वाक्यावर खळीने चिठ्ठी चिकटवते : ‘तेजूची आई दापोऱ्याला गेली होती.’ ‘शोकाकुल’वर दुसरी कोरी चिठ्ठी. हाराला हात लावलेला नाही. तो आता सत्काराचा दिसतो. काळ्या चौकटीवर हिरव्या स्केचपेनने केळीची पानं काढते आहे, प्रत्येक प्रतीवर वेगळी. सत्तेचाळीस झाल्या. तेजूची सगळ्यात आधी केली. आता आई नुसती दापोऱ्याला असल्यामुळे ती दर पानाला फोन करील हे वाचकांच्या ध्यानात येऊ नये एवढीच प्रार्थना. ग्रुपवर खुलासा टाकायचा आहे, तोही टाकते.

जपून राहा. सांगायला जवळ कुणी नसलं की माणूस औषधाची वेळ चुकवतं, तसं करू नकोस.

तुझी
वैजू

ता. क. कडूंनी चूक मान्य केली आहे. भरपाई म्हणून पुढच्या पुस्तकावर गणपती फुकट छापून देणार आहेत.

ता. क. २ : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. चिठ्ठीचा कागद पातळ आहे. उजेडात धरला की खालचं वाक्य वाचता येतं. तेजू शब्दाखाली बोट ठेवून सावकाश वाचते, तिचं बोट त्या फुगवट्यावर अडणारच, आणि मग ती पान खिडकीशी नेणारच. मी दुसरा जाड कागद लावू शकले असते. लावला नाही. त्याआधी तू तिला सांग, ताई. तिला शेजारी बसव आणि तुझ्या तोंडाने सांग. गुहेच्या बाहेर उभी ठेवू नकोस तिला.

ता. क. ३ : खुलासा टाकते असं वर लिहिलं, पण टाकलेला नाही. आशामावशी जाताना म्हणाली की मरणाची खोटी बातमी पसरली की माणसाचं आयुष्य वाढतं. जितक्या लांब जाईल तितकं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला माहीतच आहे. बातमी काल रावेरपर्यंत पोचली. उद्या तिथून चौघीजणी यायच्या आहेत. चहा-साखर आणून ठेवली आहे. रिपोर्ट येईपर्यंत खुलासा राहू दे.