कोमट इंजिन आणि मागची गादी

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा साताऱ्यात एका मोटरसायकलवर हात ठेवला आणि तुम्हीच आठवलात. तुमचे जावई पलटणीतून रिटायर होऊन आल्यापासून त्यांना दोन सिलिंडरची जुनी गाडी घ्यायची आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारखं फाकलेलं इंजिन असतं तिचं. म्हणतात, "जन्मभर सरकारची चालवली, आता आपली." मला हे पटलेलं नाही, म्हणूनच मी बरोबर गेले.

साताऱ्याची ती क्रूझर. बुटकी, लांब, पाय पुढे सोडून आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं. दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात, म्हणजे ह्यांच्या प्लेट घातलेल्या गुडघ्याला सोयीची. मागची सीट मात्र देवपूजेच्या पाटाएवढीसुद्धा नाही. मग हे फिरणार कुणाबरोबर, हा पहिला संशय. मालक गोड बोलत होता, तोवर मी इंजिनाला तळवा लावला. कोमट. आटपाडीच्या बाजारात तुम्ही बैलाच्या अंगावर असाच हात फिरवताय, मी धोतर धरून विचारतेय, कशाला? तुम्ही म्हणता, "बाये, गिऱ्हाईक यायच्या आदी चालवून आणलाय. आखडल्याला पाय गरम झाला की लंगडत न्हाई."

मी मालकाला विचारलं, "आमी यायच्या आदी चालू केलीवती व्हय?"

"न्हाई वैनी, उन्हानं तापली."

गाडी सकाळपासून पत्र्याच्या शेडमध्ये होती, हे त्यानंच आधी सांगितलं होतं.

काल सांगलीला टूरिंगची पाहिली. पुढे वारा अडवायला काच, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, लांबच्या वाटेची गाडी. इंजिन माठासारखं गार, आणि बटण दाबताच चालू झालं. ॲव्हरेज किती, विचारलं तर मालक हसला. "वैनी, ही गाडी घेणारं ॲव्हरेज इचारत न्हाईत."

"म्हणून तर इकायला काढत्यात," मी म्हटलं.

मागे रुंद गादी, पाठ टेकायला उशी. मी जरा बसून पाहिलं. बसल्या बसल्या मनानं जोतिबाचा डोंगर चढून आले.

पण बैल बसवून उठवायला लावल्याशिवाय तुम्ही कधी घेतला नाहीत. मी ह्यांना म्हटलं, इंजिन बंद ठेवून जरा मागं ढकला बघू. अंगणाला थोडा चढ होता. जड गाडी जरा हलली, थांबली. ह्यांचा प्लेटचा गुडघा जोर घेईना. ह्यांनी रुमाल काढून आरसा पुसला, जणू त्यासाठीच थांबले होते.

येताना एस.टी.त मी म्हटलं, "आतनं खडखड येत होती. नको ती."

खडखड नव्हती, आबा. चांगल्या जनावराला खोटी खोड लावणारा माणूस तुम्ही दावणीजवळ उभा केला नाहीत, आणि मी तेच केलं. हे खिडकीबाहेर बघत लगेच म्हणाले, "व्हय, मला बी ऐकू आली."

आता उद्या न कळवता परत साताऱ्याला जायचं, ह्यांचे पाय टेकतात ती गाडी बघायला. मालकानं चूळ भरायच्या आत दारात उभं राहायचं, आणि आधी तळवा लावायचा. हा कागद ह्यांच्या हाती पडू नये म्हणून पहाटे निघायच्या आधी बंबात घालीन. ह्यांना काही ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. आणि ती मागची गादी, आबा, फार चांगली होती.