हिंगाच्या डब्यातला चहा

॥ श्री ॥

बालीगंज, कोलकाता
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. आभा हिस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर अनुराधाचं, शब्द माझे. वरच्या मजल्यावरून ती नेहमीप्रमाणे मंगळवारी चारला आली आहे. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुणाच्या तरी चुका काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मला अक्षरच येत नसल्यामुळे तिची पंचाईत होते. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. लिहिलंस का म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवते.

फोनवर का बोलत नाही, असं तू पुन्हा विचारशील. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र मला पाच वेळा वाचून घेता येतं आणि उशीखाली ठेवता येतं.

काम असं आहे. पूजेच्या सुट्टीत आलीस तेव्हा तू मला तो जपानी चहा पाजलास. हिरवी पत्ती कढईत तपकिरी भाजून, दुधात घुसळून. मी नावं ठेवली आणि दोन कप प्यायले. त्याची कृती मला बारीकसारीक हवी आहे. तुझा बाबा सव्वीस जानेवारीला येतोय. दिवाळीत तो इथे असताना मी तापाने पडले होते. उठले आणि दूध तापत ठेवलं, ते करपलं. घर धुराने भरलं आणि मी पलीकडच्या खोलीत शांतपणे माळ ओढत बसले होते. तेव्हापासून जयप्रकाशचं एकच पालुपद आहे, की आणखी एक भांडं करपलं तर हे घर बंद आणि मी पुण्याला.

पुण्याचं मला वावडं नाही. पण तुझ्या आजोबांची बदली झाली तेव्हा मी एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात लोखंडी कढई घेऊन हावड्याला उतरले, त्याला बावन्न वर्षं झाली. ते गेले तेही याच घरात. मला इथूनच जायचं आहे. म्हणून ठरवलंय, की जयप्रकाशसमोर तो चहा ठेवायचा, माझ्या हातचा, न करपलेला. एक्याऐंशीव्या वर्षी नवा पदार्थ शिकणाऱ्या बाईला तो कोणत्या तोंडाने म्हातारी म्हणेल?

आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी,
सरला


॥ श्री ॥

पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस आभाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आई हसली आणि बाबा गप्प बसले. म्हणजे पहिली फेरी तू जिंकलीस.

आता कृती. गरियाहाटच्या दुकानातून दार्जिलिंगचा साधा हिरवा चहा मागव, सुगंध घातलेला नको. तुझी तीच लोखंडी कढई कोरडी तापव. आच मंद. मूठभर पत्ती टाक आणि हात थांबवू नकोस. आधी ओल्या गवतासारखा वास येईल. मग तो मरेल. मग एकदम भाजक्या डाळ्यासारखा खमंग वास सुटेल. त्याच क्षणी कढई उतरवून पत्ती ताटात पसर. अर्धं मिनिट उशीर झाला तर कोळसा. रंगावर विसंबू नकोस, काळ्या कढईत तो फसवतो. नाकाने भाज. तुला मी काय शिकवणार म्हणा! बेसन भाजून झालं की नाही, हे तू पलीकडच्या खोलीतून सांगायचीस.

पत्ती गार झाली की दोन चमचे घेऊन अर्धा कप उकळत्या पाण्यात चार मिनिटं झाकून ठेव. कडक अर्क उतरला पाहिजे. दुसरीकडे एक कप दूध तापव, उकळू देऊ नकोस, रवीने फेस येईपर्यंत घुसळ, आणि अर्कावर ओत. साखरेऐवजी तुमच्याकडचा थंडीतला खजुराचा गूळ घातलास तर जपानी माणूससुद्धा बालीगंजला घर शोधेल.

नमुना म्हणून मी भाजलेली पत्ती एका डब्यात भरून सोबत पाठवते. रोज एकदा डबा उघडून वास घे आणि तुझी पत्ती त्याच्याशी ताडून बघ.

तुझा ताप गेला ना पूर्ण? अनुराधामावशीला नमस्कार. रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझी,
आभा


॥ श्री ॥

बालीगंज
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. आभास अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. काय वास आहे गं! अगदी तू लिहिलंस तसाच, भाजक्या डाळ्यासारखा. लगेच करून दोन कप प्यायले. एक अनुराधाला दिला. तिने दोन घोट घेतले आणि कप हळूच तुळशीमागे ठेवला. कलकत्त्यात जन्मलेली मराठी बाई ती, माशाच्या वासात वाढली आणि जपान्यांच्या चहाला नाकं मुरडते. आत्ता हे लिहिताना ती माझ्याकडे टक लावून बघते आहे. काय झालं विचारलं तर म्हणते काही नाही, पुढे सांगा.

माझं भाजणं मात्र अजून जमत नाही. पहिला घाणा काळा झाला. दुसऱ्या वेळी मी आधीच उतरवली, तर अनुराधा म्हणाली ही नुसती गरम झालेली हिरवी पत्ती आहे. तिसरा घाणा चालू असताना खालच्या मजल्यावरची सून धावत वर आली आणि काय जळतंय म्हणून विचारू लागली. मी सांगितलं, जपान. ती हसली नाही. खिडकी उघडून गेली. तिचे दिवस भरत आलेत, अशा वेळी बायकांना नसते वास येतात.

दोष कढईचा नाही. पत्ती बदलून बघते. मुगाच्या डाळीत परवा जिऱ्याऐवजी ओवा पडला, डबे कुणीतरी हलवलेत. आणि देवाची उदबत्ती हल्ली कसली निकृष्ट करतात, पेटवली की नाही तेच कळत नाही.

तू काळजी करू नकोस. सव्वीस तारखेला अजून दीड महिना आहे. बाबाला यातलं काही वाचून दाखवू नकोस. आठवण उतू गेली तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझी आजी


॥ श्री ॥

पुणे
१८ डिसेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न.

हे पत्र अनुराधामावशी तुला वाचून दाखवतील, म्हणजे त्यांनाही सगळं कळेल. मुद्दाम फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू हसण्यावारी नेशील.

काल आई हिंगाचे दोन जुने डबे शोधत होती. ते मीच घेतले होते. घासून, उन्हात ठेवून मी त्यात चहा भरला. एक तुला पाठवला, एक इथे ठेवला. इथला काल उघडला आणि आम्ही तिघंही स्वयंपाकघरातून बाहेर पळालो. वीस वर्षांचा हिंग पत्र्यात मुरलेला, चहाने तो सगळा ओढून घेतला होता. चहा फेकावा लागला.

तुझा डबाही तसलाच होता, आजी. तू त्याचे दोन कप प्यायलीस आणि वास माझ्याच शब्दांत मला परत पाठवलास.

तुला वास येत नाही ना? तापापासून? अक्षर आलं नाही म्हणून तुझं कधी अडलं नाही, कारण तू डबे नाकाने वाचायचीस. आता जिरं नि ओवा कळत नाही, धूर कळत नाही. मग गॅस सुटला तर काय कळणार? त्याला तर रंगही नाही.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. पण मावशी घरात असल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही, एवढं वचन दे. भांड माझ्याशी, पण दे.

तुझी,
आभा


॥ श्री ॥

बालीगंज
मंगळवार, ३० डिसेंबर २०२५

चि. आभास आशीर्वाद.

पकडलंस. दिवाळीच्या तापात गेलं नाक. कलकत्त्यात इतकी वर्षं राहिल्यावर त्यानेही एक दिवस बंद पुकारला. मला वाटलं, चार दिवसांत उघडेल. आमच्या गावी मुलींना शाळेऐवजी गोठ्यात धाडायचे. मला जे काही वाचता यायचं ते नाकाने. तेही गेलं हे कुणाला सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने? जयप्रकाशच्या कानावर गेलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं असतं. अनुराधाला मी सर्दी म्हणून सांगितलं होतं. ती मास्तरीण, पण फसली. तुझा हिंगाचा चहा तिने जपानची चव म्हणून गिळला आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही. दोघी सारख्याच शहाण्या.

तू मागितलंस ते वचन देते. आज एकदाच मोडलं. अनुराधा चारला येणारच होती, तिच्यासाठी चहा तयार ठेवावा म्हणून मी दूध चढवलं. ते उतू गेलं आणि शेगडी विझली. मी पुन्हा पेटवायला काडी शोधत होते, तेवढ्यात ही उधळलेल्या बैलासारखी आत शिरली, माझ्या हातातली काडेपेटी हिसकावली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मला जिन्यात ओढून नेलं. पौषातला वारा! शाल घेऊ दिली नाही. आता समोर बसून रडते आहे आणि लिहिते आहे. रडते आहे हेही लिहायला लावलंय. कागद ओला झाला असेल तर त्याला मी जबाबदार नाही.

बाकी क्षेम. राग धरलास तरी हात सोडू नकोस.

तुझी आजी

आभा, पुढचं त्यांना न सांगता लिहिते आहे. वास मला माझ्या दारातच आला. मी हाका मारत खाली आले. खिडक्या बंद होत्या, कबुतरं शिरू नयेत म्हणून त्या बंदच ठेवतात. शेगडीचं बटण पूर्ण उघडं होतं आणि सरलाकाकू ओट्यापाशी उभ्या होत्या. काडी त्या शोधत नव्हत्या. काडी त्यांच्या हातात होती. दोनदा घासून झाली होती. काडेपेटी सांडलेल्या दुधात भिजली होती, म्हणून पेटली नाही. त्या मला म्हणाल्या, बरं झालं आलीस, जरा कोरडी पेटी दे. दुधाने आग विझवली आणि त्याच दुधाने आम्हाला वाचवलं. नेहमी तसं होईल असं नाही. — अनुराधा


॥ श्री ॥

पुणे
६ जानेवारी २०२६

ती. आजीस शि. सा. न.

ओरडणार नाही. ओरडायला बसले होते, पण कागदावर नीट जमत नाही.

मावशींशी फोनवर बोलले. सिलिंडरवरचं बटण बंद ठेवायचं, सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि त्यावरची अक्षरं मावशींनी तुला शिकवायची, असं आमचं ठरलं आहे. बाबांना तुझ्या पाठीमागे सांगणार नाही. पण सव्वीस तारखेपर्यंत तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन. मग तू मला नात म्हणू नकोस हवं तर. जिवंत राहून म्हणू नकोस.

तुझी,
आभा


॥ श्री ॥

बालीगंज
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

चि. आभास आजीचे जितके उरलेत तितके आशीर्वाद.

मागच्या पत्रात शेवटी अनुराधाने काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. मी सांगायची थांबले आणि हिचं पेन पुढे दहा ओळी चाललं. वाचता येत नाही म्हणून मोजताही येत नाही की काय? तिला वाचून दाखवायला लावलं. दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना मी हसले नाही.

डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. चहाचा च शिकले, हिंगाचा ह शिकले, जिऱ्याचा ज शिकले. ज म्हणजे जयप्रकाशचाही, असं मास्तरीणबाईंनी मुद्दाम सांगितलं. आठ दिवसांत तीन अक्षरं, मोठा पराक्रम. पण पोरी, गॅसला चिठ्ठी कुठे लावायची?

रविवारी आम्ही चौथा घाणा भाजला. हात माझा, नाक तिचं. ती माझ्या खांद्यापाशी उभी राहून गवत, गवत, थांबा, आता, असं सांगत होती. आता म्हणताच मी उतरवली. ती म्हणते, उत्तम जमलं. रवीने फेस काढला, खजुराचा गूळ घातला. मी प्यायले. गरम आहे आणि गोड आहे, एवढंच कळलं. बाकी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

खालच्या सुनेला मुलगा झाला. बारशाला बोलावणं होतं, म्हणून गेले. बाळ नेमकं माझ्या स्वयंपाकघराच्या खाली झोपतं. मी वर बघितलं, छत बघितलं, आणि बाळाला हातात घेतलं नाही. मी गेले तर एक्याऐंशीची म्हातारी गेली, लोक पेढे वाटणार नाहीत, पण सुटकेचा निःश्वास सोडतील. पण माझ्याबरोबर त्याने का जावं? माझ्या हट्टासाठी?

घरी येऊन अनुराधाच्या फोनवरून मी जयप्रकाशला स्वतः सांगितलं. सगळं, काडीसकट. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, पुण्याला येताना कढई आणणार आहेस ना? मी हो म्हटलं. परीक्षेत नापास झाले, पण कढई पास झाली.

तू मला न्यायला शनिवारी दुपारी डमडमच्या विमानतळावर उतरतेस, हे अनुराधाने सांगितलं. तिच्या लेकीचं शनिवारी हावड्याला ऑपरेशन आहे. ती सकाळीच निघेल. थांबते म्हणत होती, मी तिला घालवते आहे. लेक ती लेक. मधले चार तास मी घरात एकटी. जेवण खालून येणार आहे.

फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून हे पत्र आज जलद टपालाने पाठवते. सिलिंडरचं बटण मी बंद केलंय. अनुराधाने पाहिलंय, मीही हात लावून पाहिलंय. पण बावन्न वर्षं रोज पहाटे हा हात उठल्या उठल्या तिथेच गेला आहे. तो मला विचारत नाही. काल जाग आली तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते आणि हात बटणावर होता. आधी बंद होतं आणि मी उघडलं, की उघडं होतं आणि मी बंद केलं, हे मला आठवेना. अनुराधाला बोलावलं. तिने हुंगून सांगितलं, काही नाही. अनुराधा हे लिहिताना थांबली होती. लिही म्हटलं.

शनिवारी अनुराधा नसेल. तेव्हा आभा, वर आलीस की घाईने बेलवर बोट ठेवू नकोस, तिची एक ठिणगी पुरते. बॅग खाली ठेव. दाराच्या फटीला नाक लाव, आणि आधी वास घे. काही आलं नाही, तरच बेल वाजव. काही आलं तर खालच्या बाळाला उचल आणि सगळ्यांना घेऊन रस्त्यावर जा. मला हाक मारायला थांबू नकोस.

नाहीतर मी आत बसले आहेच, ट्रंक बांधून, कढई मांडीवर घेऊन. तू आणलेलं प्रेम मला वासाशिवायही ओळखू येईल.

तुझी आजी,
सरला