मंदाची वही

३ जुलै १९८२, शनि.
आज परत मंदाला मारलं. पट्टीने, तळहातावर. 'बदक' सांगितलं की 'दबक' लिहिते. पाच वेळा. नऊ वर्षांची झाली. नाशिकच्या शाळेत पंचावन्न मुलींना मराठी शिकवते मी, आणि पोटची पोर...
रडली नाही. हात फ्रॉकला पुसला नि परत 'दबक' लिहिलं.

६ जुलै, मंगळ.
तिसरीचं पुस्तक तिला पाठ आहे, वाचता ओळ येत नाही. मी वाचते ते ऐकून ठेवते. आज मुद्दाम भलतंच पान उघडून दिलं, तरी कालचाच धडा घडाघडा म्हणाली. इतके दिवस कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं?

१० जुलै, शनि.
आमच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका अचानक घरी आल्या. मंदा पाटी घेऊन बसलेली. बाईंनी पेपर पुढे केला. "वाच बघू, मोठी मोठी अक्षरं." मंदा गप्प. "कितवीत गं तू?" "तिसरीत." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून गेलं, "भाची आहे माझी. खेड्यातून आलीय, शाळा नीट झाली नाही तिची."
बाईंना पाणी मंदानेच आणून दिलं.

११ जुलै, रवि.
मंदाचे बाबा हरसूलहून आले. ग्रामसेवक, एकच दिवस घरी. कालचं मी सांगितलं नाही. तिनेही नाही. दुपारी त्यांना सुट्टीत पाहिलेली हरसूलच्या बाजाराची गंमत सांगत होती: म्हातारीची कोंबडी सुटली, बसखाली शिरली, कंडक्टर वाकून वाकून शोधतोय. हे पोट धरून हसले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हिला भाषा येत नाही म्हणणारी मीच.

१४ जुलै, बुध.
पुस्तक बंद. ती सांगते, मी वहीत लिहिते, मग ती वाचते. 'कोंबडी' सापडली. 'कंडक्टर'सुद्धा. 'शिरली'चं मी 'गेली' केलं तर चिडली. कबूल केलं, एक शब्द बदलणार नाही. पट्टी शाळेत नेऊन ठेवली. तरी चुकली की हात शिवशिवतो. लाज वाटते.

२० जुलै, मंगळ.
तिची माफी मागायची ठरवून बसले होते. जमेना. वही उघडली. "आज काय लिहू?"
"बाई घरी आल्या. आई म्हणाली, ही माझी भाची."
हात थांबला.
"लिही ना. बदलायचं नाही म्हणालीस."
लिहिलं. पुढे सांगत गेली, "मी पाणी आणलं. आई म्हणू का मावशी, कळेना. म्हणून काहीच म्हटलं नाही."
मग वाचायला घेतलं. अक्षराखाली बोट. 'भाची'ला अडली, मागे गेली, परत आली. सगळं पान वाचलं. पहिल्यांदाच.
"बरोबर वाचलं?"
"बरोबर."
"मग बाईंना दाखवशील?"
आधी हे लिहून घेतेय. माझ्या उत्तरासाठी ती जेवायची थांबलीय.