एकसारख्या बरण्या

प्रिय साहेब,

बढतीचा कागद अजून तुझ्या हातात पडलेला नाही, पण मी आत्तापासून सवय केलेली बरी. आधी एक अट घालतो. हे पत्र सलग, शेवटपर्यंत वाचायचं. मध्येच उठून बॅग भरायला घ्यायची नाही आणि मला फोन करायचा नाही. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं आईंना ऐकू येतं, आणि त्यांना आपण समजत होतो त्याहून कितीतरी जास्त ऐकू येतं, हे मला आता कळलं आहे.

आधी साध्या बातम्या. आईंची तब्येत बरी आहे, खातात-पितात, मला टोमणे मारतात. जिन्यातली ती हलणारी पायरी अजून हलतेच आहे. सुताराला मात्र मी सध्या येऊ नका म्हणून कळवलं. चिडू नकोस. नव्या ओट्याचं आणि भिंतभर कपाटांचं तू काढून पाठवलेलं चित्र मी जपून ठेवलं आहे. पण ते स्वयंपाकघर आत्ता करायचं नाही. का, ते सांगण्यात आईंचं फार काही अडकलं आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

लग्नानंतर मी तुमच्या घरात राहायला आलो तेव्हा मित्रांनी घरजावई म्हणून मनसोक्त चिडवून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला धडकी भरली ती आईंच्या काटकसरीची. पहिल्याच सकाळी मी दुधाची रिकामी पिशवी केरात टाकली. आईंनी ती हळूच उचलली, थोड्या पाण्याने विसळली, ते पाणी चहाच्या भांड्यात ओतलं आणि पिशवी उलटी करून वाळत घातली. त्या दिवसापासून मी केराच्या डब्याला घाबरायला लागलो. मग एकेक कळत गेलं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीच्या पाठीवर. इस्त्री बंद केली की उरलेल्या उबेवर रुमाल. चादर विरली की तिचे उशीचे अभ्रे, अभ्रे विरले की फडकी, फडकी विरली की पायपुसणं. तुमच्या घरात कापडाला मरण नाही असं मी म्हणालो आणि तू दोन दिवस अबोला धरलास. संध्याकाळी मी दिव्याच्या बटणाकडे वळलो की आतून आवाज आलाच म्हणून समज: अहो, अजून दिसतंय की, कशाला जाळता! आणि मी दिवसभर लोकांच्या चष्म्यांना काचा बसवणारा माणूस, आईंना नवा चष्मा करून देतो म्हणून किती मागे लागलो. आहे तो चांगला चालतोय, त्याला काय धाड भरलीये, हेच उत्तर. आपण दोघं हसायचो. मीही मनापासून हसायचो, हे कबूल आहे.

मग तू बरण्या पाठवल्यास. काचेच्या, डझनभर, सगळ्या एका मापाच्या, एका झाकणाच्या. आई खालच्या मजल्यावर शेजारणीकडे गेल्या होत्या तेवढ्यात मी सगळं भरून टाकलं, त्यांना चकित करायचं म्हणून. साखरेचा पोचा आलेला बिस्किटांचा डबा, चहाचा दूधपावडरीचा उंच डबा, मिठाची ती ओठ तुटलेली जड बरणी, मिरपुडीची औषधाची चपटी बाटली, डाळीचा तो झाकणावर बुक्की मारल्याशिवाय न उघडणारा डबा, सगळी जत्रा मी पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली. फळीवर बरण्या अशा शोभत होत्या की मी दोनदा मागे सरून बघितलं. आई आल्या, मी हात धरून फळीपाशी नेलं आणि म्हणालो, बघा, तुमच्या लेकीने काय पाठवलंय. त्यांनी एका बरणीवरून हात फिरवला, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. छान आहेत हो, म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी चहा खारट झाला. आई खूप हसल्या, म्हातारी झाले म्हणाल्या, आणि तो चहा फेकून न देता कसला तरी डाग काढायला वापरला. त्यानंतरच्या सकाळी मी दाढी करत होतो. आरशात मागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. आई फळीपुढे उभ्या होत्या. एक बरणी उचलायची, कानाशी हलवायची, झाकण उघडून वास घ्यायचा, बोट बुडवून जिभेला लावायचं, ठेवायची, पुढची. मला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक चाललंय. मग बरण्यांच्या गळ्यात रबरबँड दिसायला लागले. भाजीच्या जुडीला येतात ते, आई वर्षानुवर्षं खिळ्याला अडकवून ठेवतात ते. एकीला एक, एकीला दोन, एकीला पिळून गाठ मारलेला. मला ते ध्यान वाटलं, म्हणून मी काढून पुन्हा खिळ्याला लावले. चहा परत खारट. रबरबँड परत बरण्यांना. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

गेल्या बुधवारी दुकानातलं काच घासायचं यंत्र बिघडलं आणि मालकांनी लवकर सोडलं. घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता, स्वयंपाकघरात चांगलाच अंधार होता आणि त्या अंधारात आई ताटात डाळ निवडत बसल्या होत्या. मी दारातूनच बटण दाबलं. दिवा लागला नाही. बल्ब गेला होता, कधी गेला होता कोण जाणे. आणि आई मान वर न करता म्हणाल्या, बंद करा हो तो दिवा, एवढा लख्ख उजेड कशाला, दिसतंय मला. मी बटण पुन्हा दाबलं, खटकन आवाज झाला. हां, आता कसं, असं म्हणून आई पुढचा खडा ताटाच्या कडेला सारायला लागल्या.

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळाने आईंचे हात थांबले आणि त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, बल्ब गेलाय का हो? मी हो म्हणालो. मग त्या मला म्हणाल्या, बस इथे जवळ. बसा नाही, बस. जावयाला त्यांनी अरे-तुरे केल्याचं तुला आठवतं का कधी?

तीन-चार वर्षं झाली म्हणतात. आधी बाजूबाजूचं दिसेनासं झालं, मग वरचं आणि खालचं. आता मधलं तेवढं उरलं आहे, किल्लीच्या भोकातून बघावं तेवढं, आणि तेही चांगल्या उजेडात, समोरून. आधी तुझी परीक्षा होती म्हणून बोलल्या नाहीत. मग आपलं लग्न. मग तुझी ही सहा महिन्यांची बदली. मला कशाचीच भीती वाटत नाही, म्हणाल्या, पण तिला कळलं की ती सगळं सोडून येईल, मला खुर्चीत बसवेल आणि हातात आयता कप देईल, त्याची वाटते. मी विचारलं, मग ते दिवे बंद करणं, वस्तू जागच्या जागी, एकही डबा टाकू न देणं, हे सगळं डोळ्यांपायी होतं तर! त्यावर आई हसल्या. सगळं नाही रे, दुधाची पिशवी विसळते तो नुसता चिक्कूपणा.

गेला आठवडाभर मी दुकानातून आलो की काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात बसतो आणि बघत राहतो. काय बघतो ते तुला कसं सांगू? भांड्यात पाणी पडताना त्याचा आवाज चढत जातो, आणि हवं तेवढं झालं की आईंचा हात नळाकडे जातो, थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही. दूध वर यायच्या आधी त्यांना कळतं. विचारलं तर म्हणतात, ते आधी गप्प होतं ना. शेंग मोडली की आवाजावरून ताजी-शिळी ठरते. पीठ चिमटीत धरून ते कोणत्या दळणाचं आहे ते सांगतात. तापल्या भांड्याला कधी हात लागत नाही, कारण तापलेलं भांडं ठेवायची जागा या घरात एकच आहे, गेली कित्येक वर्षं. मी काल डोळे मिटून एकट्याने चहा करून पाहिला. अर्धा ओट्यावर गेला आणि बाहेरच्या खोलीतून आईंचा आवाज आला, साखर घालायची राहिलीये. मी हसत सुटलो आणि मग मला हसता येईना. एवढी वर्षं एक बाई तुमच्या-आमच्या डोळ्यांदेखत न बघता हे घर चालवत होती, वेळेवर, नीटनेटकं, काही वाया न घालवता, आणि आपण विजेचं बिल वाचवते म्हणून तिची थट्टा करत होतो. मी देवळात फारसा रमणारा माणूस नाही. पण त्या ओट्यापाशी मला चपला बाहेर काढून ठेवाव्याशा वाटतात.

जिन्याखालचं पोतं मी उघडलं, म्हटलं जुने डबे पुन्हा लावू. भंगारवाल्याला आईंनी आधीच दारातून परत पाठवलं होतं, हे काही मी वेगळं सांगायला नको. पण त्यांनी डबे लावू दिले नाहीत. लेकीने पाठवल्यात, आता मला येतात त्या, म्हणाल्या. फक्त एक मागितलं, तेही घाबरत घाबरत: ओटा तेवढा हलवू नका. म्हणून सुताराला नाही म्हटलं. तुला काहीच कळवायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, तुमच्या लेकीपुढे खोटं बोलणं मला झेपत नाही. तेव्हा म्हणाल्या, मग पत्राने सांगा, फोनवर ती अर्धं ऐकून निघेल.

आता हे आजच का लिहितो आहे ते सांगतो. शुक्रवारी मी आईंना डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल, असं ते म्हणाले. हे ऐकून आई घरी आल्या आणि शनिवारपासून डोळे मिटून कामं करायला लागल्या. मला वाटलं थेंब झोंबतात. विचारलं तर म्हणाल्या, थोडीच उरलीये ना, मग ती डाळ-तांदळावर कशाला खर्चायची? मी परोपरीने समजावलं की नजर वापरून संपत नाही आणि साठवून उरत नाही, माझा धंदाच आहे हा. सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा डोळे मिटले. माझ्यावरसुद्धा एक कटाक्ष खर्च केलेला नाही. रविवारी लेक येतेय, तोवर पुरवते, एवढंच म्हणतात. तेव्हा रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं असशील तर बदलून घे आणि भर दुपारी पोचशील असं बघ. नोकरी सोडण्याबद्दल त्या दिवशी अक्षर काढू नकोस आणि रडायचं असेल तर जिन्यात रडून घे. मग आत येऊन खिडकीपाशी, उन्हात, त्यांच्या बरोबर समोर हातभर अंतरावर उभी राहा. आई डोळे उघडतील. त्यांचं बघून होईपर्यंत हलू नकोस.

तुझाच,
तुझ्या आईंचा जावई