शेफिल्डची किंकाळी

टेरी, हरामखोरा,

तोंड उघडत नाही, म्हणून लिहितोय. टपालात मात्र टाकणार नाही.

आपली रेकॉर्ड ऐकलीस? शेफिल्डच्या कार्यक्रमात तू झांजेचा लोखंडी स्टँड उचलून माझ्या तोंडावर घातलास, ते सगळं दुसऱ्या बाजूला स्वच्छ ऐकू येतं. आधी खणकन आवाज, मग माझी किंकाळी, मग टाळ्या. गाढवांना वाटलं, हाही गाण्याचाच भाग.

ते गाणं बावीस मिनिटांत संपून रेकॉर्डच्या एका बाजूवर मावायला हवं होतं. ड्रम आवर म्हणून मी तुला खुणावलं. तू बघूनही बडवतच राहिलास, म्हणून मी बास गिटारवर शेवट सुरू केला. एवढ्यासाठी लहानपणच्या मित्राचा जबडा मोडतात होय रे?

"किंकाळी काढून टाकू," कंपनीवाले म्हणाले. मी कागदावर लिहून दिलं, राहू द्या. तू काय आहेस ते जगाला कळू दे.

जगाला ती किंकाळीच आवडली. आता कार्यक्रमात पोरं त्याच जागेची वाट बघतात. तुझ्या जागी आलेला डंकन माझ्या कानाशी स्टँड आपटतो आणि मी किंचाळतो. काल एकजण ओरडला, "अरे, रेकॉर्डसारखं ओरड की!"

डंकन भला माणूस, तो मारत नाही. मग मीच त्याच्या हातातला स्टँड ओढून स्वतःच्या तोंडावर घातला.

जबडा त्याच जागी मोडला, रक्तही तेवढंच आलं, पण तशी किंकाळी काही निघाली नाही. तेव्हा मारणारा तू होतास.

पुन्हा तारेने जबडा बांधलेला,
मॉरिस