आबा आणि सावलीतल्या कुंड्या

शिरूर, मंगळवार संध्याकाळ

आज डोकंच फिरलं. शेजारची इमारत उभी राहिल्यापासून आमच्या मागच्या अंगणात ऊन येत नाही. म्हणून तिथं सावलीतली झाडं मांडली होती. मागे उंच पाम, पुढे लालबुंद पानांचा कोलियस, कडेनं खाली सांडणारा मनी प्लांट. आठवडाभर झटले. आणि ऑफिसातून येऊन बघते तर सगळ्या कुंड्या गच्चीवर, भर उन्हात. कोलियस करपलेला. माझा लालबुंद कोलियस!

हे काम सासऱ्यांचं, दुसरं कोण? सगळा जन्म कवठे येमाई गावच्या शेतात गेलेला.

"आबा, कुंड्या का हलवल्या?"

"उन्हाबिगर जगत्याल व्हय ती?"

"ती सावलीतच जगतात. शोभेची आहेत."

"फळ?"

"नाही."

"म्हंजी काम न्हाई, फळ न्हाई. नुसतं सावलीत बसायचं, आन् तू पानी घालायचं?"

"हो."

आबांनी जरा विचार केला. मग माझ्याबरोबर सगळ्या कुंड्या खाली आणल्या आणि खुर्ची ओढून मधोमध बसले.

"मग मलाबी हितंच ठिव. पानी नगं, च्या आन."

रागवायचं होतं मला. पण हिरव्या पामपुढे त्यांचं पांढरं धोतर इतकं उठून दिसत होतं की उठा म्हणवेना.