चपटा तुरा

३ एप्रिल
लुएला पिंकमच्या यंदाच्या अकरा पिल्लांपैकी तिघांना उभा, दातेरी तुरा. डॉमिनिक कोंबड्यांचा तुरा चपटा — इथल्या मेन राज्याच्या थंडीत गोठत नाही, म्हणून तर तिच्या पणजीपासून हीच जात.
"डोळे गेले माझे, एल्डन. कोंबडा निवडताना चुकले."
"होतं असं," म्हणालो. कोंबडा मीच दिलेला.

४ एप्रिल
लिहून टाकतो. तीन वर्षांपूर्वी माझा कोंबडा कोल्ह्यानं नेला. "खुराड्याचं दार लाव," असं लुएला शंभरदा म्हणाली होती. तिच्याकडे दुसरा मागायची लाज वाटली. शेजारचा प्लिमथ रॉक जातीचा कोंबडा आणून सोडला. पट्टे तसेच, तुरा तेवढा उभा. पिल्लं मात्र सगळी चपट्या तुऱ्याची निघाली. निभावलं, वाटलं. पुढं तिचा म्हातारा कोंबडा मेला, तेव्हा त्यातलाच एक तिला दिला. तिच्याकडेही खोट एक पिढी लपली. त्याच्या मुली त्यालाच लावल्या तेव्हा वर आली.
आणि आमच्या साप्ताहिकात दर वसंतात मीच लिहितो — सगळ्यांनी वजनदार जातींपायी डॉमिनिक सोडली, देशात मूठभर कळप उरले, तेव्हा पिंकमांनी रक्त राखलं.

८ एप्रिल
चाळीस वर्षांत साप्ताहिकाचा मजकूर एकदाही उशिरा दिला नाही. आज तिच्या फाटकापर्यंत जाऊन परतलो.

११ एप्रिल
पोस्टात भेटली. "शनिवारी सगळ्या कापते. मग कायमची लेकीकडे, पोर्टलंडला. दिसत नाही त्या बाईनं जात राखू नये. तुला दोन देऊ, रश्श्याला?"
"द्या," म्हणालो. द्या म्हणालो!

१३ एप्रिल
शनिवार. सकाळी सातला तिच्याकडे गेलो. चुलीवर आधण, ओट्यावर सुरी. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.
"पिल्लं पाहिलीस तेव्हाच कळलं होतं तुला?"
"हो."
"आणि मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नजर ठीक आहे म्हणाला. त्यालाच गाढव म्हटलं मी."
तिनं आधण मोरीत ओतून दिलं. बराच वेळ भांडं पुसत राहिली. "तुझ्या कोंबड्याच्या आधीच्या नऊ कोंबड्या आहेत. त्या अस्सल. जा आता."

१५ एप्रिल
तिची लेक आयरीन दोन पिंजरे घेऊन दारात. आत नऊ कोंबड्या.
"आईनं तुमच्याकडे ठेवायला सांगितल्यात. घर विकल्याच्या कागदांवर तिनं शुक्रवारीच सही केलीय."